पित्त, पित्ताशय आणि प्रतिमा : एका चुकलेल्या भाषांतराच्या निमित्ताने

१

दिल्लीस अभ्यागत प्राध्यापक म्हणून आल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात दुभाष्याचे एक छोटे काम माझ्याकडे आले. शेजारच्या कुटुंबातील यवतमाळकडच्या आजी मुलाकडे राहावयास आल्या होत्या. त्यांना वऱ्हाडीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. घरात दोघेही नोकरीवर गेलेले, म्हणून त्यांना दवाखान्यात नेण्याचे काम मजवर पडले. डॉक्टरांपुढे बसल्यावर आजी म्हणाल्या, "मले पित्ताचा तरास आहे. जेवलं का पित्त चढते, अन् मंग पाठीमांगं कळ निंघते." मी डॉक्टरांना हिंदीत सांगितले की यांना ॲसिडिटीचा त्रास आहे, जेवणानंतर वाढतो. पाठीमागची कळ मला पाल्हाळ वाटली. ती मी गाळली. डॉक्टरांनी आम्लतेवरील गोळ्या लिहून दिल्या. मी सांगितलेल्या तक्रारीवर ते उत्तर बरोबरच होते.

पुढे चार महिने आजींनी गोळ्या घेतल्या, जोडीला मोरावळा आणि आमसुलाचे सारही घेतले. मग एका रात्री कळ थांबेना, अंगात हुडहुडी भरली, आणि सकाळी डोळे पिवळे दिसू लागले. सोनोग्राफीत पित्ताशय खड्यांनी भरलेले आढळले. एक खडा घरंगळून मुख्य पित्तनलिकेत अडकला होता. तो दुर्बिणीतून काढावा लागला, आणि नंतर पित्ताशयही काढावे लागले. आजी बऱ्या झाल्या. तथापि त्या चार महिन्यांची जबाबदारी वैद्यांवर टाकता येत नाही. ती दुभाष्याची होती. 'पित्त' या शब्दाचे भाषांतर करताना तुलनात्मक साहित्याच्या एका अभ्यासकाने पाचांपैकी एक अर्थ, तोही चुकीचा, निवडला होता.

वैद्यकशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु त्या प्रसंगानंतर पित्ताशयाचे सामान्य विकार, त्याच्या रचनेतील भेद आणि प्रतिमांतून ते ओळखण्याची चिन्हे यांविषयी मी जे वाचले आणि जाणकारांकडून समजून घेतले, ते साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडावेसे वाटते. यात मुख्य प्रश्न अर्थनिर्णयाचा आहे. रुग्णाचा शब्द असो की पडद्यावरील करडी छाया असो, चिन्ह एकटे बोलत नाही. ते संदर्भात वाचावे लागते.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठीत 'पित्त झाले' म्हणजे मळमळ, आंबट ढेकरा, डोकेदुखी. 'पित्त पडले' म्हणजे कडू, पिवळसर हिरवी उलटी झाली. 'अंगावर पित्त उठले' म्हणजे त्वचेवर खाजणाऱ्या गांधी आल्या. 'पित्त खवळले' म्हणजे राग अनावर झाला. आणि 'पित्तप्रकृती' म्हणजे मनुष्याचा एक शरीरस्वभाव. या पाच अर्थांपैकी यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो फक्त दुसऱ्याचा. पहिल्या अर्थामागे बहुधा जठरातील आम्ल असते, तर तिसऱ्यामागे ॲलर्जीसारखी कारणे.

हा गोंधळ भाषेच्या अज्ञानातून आलेला नाही. आयुर्वेदाने पित्ताचे पाचक, रंजक, साधक, आलोचक आणि भ्राजक असे पाच प्रकार मानले. साधकाचे स्थान हृदय, आलोचकाचे नेत्र, भ्राजकाचे त्वचा. राग, दृष्टी आणि कांती यांना एका तत्त्वाशी जोडणारी ही कल्पना आपल्या चौकटीत सुसंगत आहे, आणि मराठी वाक्प्रचार तिच्याच छायेत वाढले आहेत. 'पित्ताशय' हा शब्दही जुना आहे. सुश्रुताने शरीरातील आशय मोजताना त्याचा उल्लेख केला आहे. पण तेथे तो पित्तदोषाचा आश्रय आहे, यकृताखाली लोंबणारी विशिष्ट पिशवी असा त्याचा काटेकोर अर्थ नाही. आधुनिक परिभाषेने हा जुना शब्द उचलून एका नव्या, नेमक्या अवयवावर बसविला. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय आणि दिल्लीत १९६१ साली वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला. अशा संस्थांनी परिभाषेचे मोठे काम केले. परंतु जुना शब्द नव्या अर्थाने वापरात आणला तरी त्याचे जुने अर्थ लोकांच्या तोंडून जात नाहीत.

इतर परंपरांतही हेच दिसते. ग्रीक वैद्यकाने पिवळे पित्त आणि काळे पित्त असे दोन द्रव मानले. काळ्या पित्तावरून खिन्नतेला 'मेलँकली' हे नाव मिळाले. अरबी-फारसी वाटेने ही कल्पना युनानी वैद्यकात आली, तेव्हा पिवळ्या पित्ताला 'सफरा' आणि काळ्याला 'सौदा' म्हणू लागले. काळ्या पित्ताने वेड लागते, म्हणून उर्दू काव्यात 'सौदा' म्हणजे प्रेमाचे वेड. दिल्लीत जन्मलेले मिर्झा मुहम्मद रफी (१७१३–१७८१) हे 'सौदा' याच तखल्लुसाने ओळखले जातात. 'सौदा' म्हणजे व्यापारही, ही त्यातली आणखी एक खुबी. फारसीत पित्ताशयाला 'जहरा' म्हणतात आणि त्याचा लाक्षणिक अर्थ धैर्य असा होतो. भीतीने पित्ताचे पाणी होणे हा वाक्प्रचार उर्दूत आणि हिंदीत त्यातूनच आला. म्हणजे दिल्लीच्या भाषेत पित्ताशय हे धैर्याचे स्थान आहे, तर मराठीच्या वाक्प्रचारात पित्त हे रागाचे कारण आहे.

व्यवहारात मात्र दोन्ही भाषांच्या सोयी-गैरसोयी वेगळ्या आहेत. मराठीत मूत्रमार्गातील खड्याला 'मुतखडा' हा स्वतंत्र शब्द आहे. हिंदीत 'पथरी' दोन्हींना चालते, त्यामुळे ती कोठली हे विचारावे लागते. सुश्रुतसंहितेतील अश्मरीची प्रकरणे मूत्राशयाच्या खड्यांविषयी आहेत, हेही येथे लक्षात घ्यावे. उलट हिंदी भाषक 'पित्त की थैली' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात अवयव असतो. मराठी माणूस नुसते 'पित्त' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा जठराची जळजळ असते. आणि जेव्हा दुखणे खरोखरच पित्ताशयाचे असते, तेव्हाही तो 'पित्त'च म्हणतो. योगायोगाने बरोबर असलेला हा शब्द म्हणूनच फसवा ठरतो.

३

पित्ताशय ही यकृताच्या खालच्या पृष्ठभागाशी चिकटलेली, नासपतीच्या आकाराची एक पिशवी होय. तिची लांबी सुमारे ७ ते १० सेंटिमीटर आणि धारणशक्ती ३० ते ५० मिलिलिटर असते. तळ, मध्यभाग आणि मान असे तिचे भाग मानतात. मानेपासून निघणारी पित्ताशयनलिका यकृताकडून येणाऱ्या नलिकेस मिळते, आणि दोहोंची मिळून झालेली मुख्य पित्तनलिका लहान आतड्याच्या आरंभी, ग्रहणीत उघडते. यकृत दिवसाकाठी साधारण ५०० ते १००० मिलिलिटर पित्तरस तयार करते. जेवणाच्या मधल्या वेळेत तो पित्ताशयात साठतो, आणि त्यातील पाणी शोषले जाऊन कित्येक पट दाट होतो. स्निग्ध अन्न ग्रहणीत पोचले की आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक रक्तात येते. पित्ताशय आकुंचन पावते आणि दाट पित्तरस स्निग्धांशाच्या पचनासाठी बाहेर टाकला जातो.

पित्तरसात कोलेस्टेरॉल विरघळलेल्या अवस्थेत राहावे लागते. त्याचे प्रमाण वाढले, ते विरघळविणारे क्षार कमी पडले, किंवा पिशवी पुरेशी रिकामी होईनाशी झाली, की स्फटिक जमतात आणि त्यांचे खडे बनतात. रक्तातील रंगद्रव्यांपासून होणारे काळे वा तपकिरी खडे हा दुसरा प्रकार. उत्तर भारतात कोलेस्टेरॉलप्रधान खडे अधिक, तर दक्षिणेत रंगद्रव्याचे खडे तुलनेने अधिक आढळतात. स्त्रियांत खड्यांचे प्रमाण पुरुषांहून बरेच जास्त आहे. गर्भारपण, स्थूलता, वाढते वय आणि वजन फार झपाट्याने उतरणे ही त्याची ज्ञात कारणे होत.

बहुसंख्य खडे मूक असतात. ते बाळगणाऱ्यांपैकी सुमारे पाचांत चौघांना आयुष्यभर त्यांचा पत्ताही लागत नाही. खडा मानेशी येऊन अडकला की मात्र कळ उठते. ती पोटाच्या वरच्या भागात, मध्यभागी किंवा उजव्या बरगडीखाली असते. बहुधा जड जेवणानंतर, पुष्कळदा रात्री येते. अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत एकसारखी टिकते. आणि उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे किंवा पाठीत पोचते. पित्ताशयाच्या संवेदना मज्जारज्जूच्या ज्या खंडांत जातात, त्याच खंडांत पाठीच्या त्या भागाच्या संवेदनाही येतात; मेंदूला दोहोंतला भेद कळत नाही. दुखणे एका ठिकाणी आणि त्याची जाणीव दुसऱ्या ठिकाणी, असा हा प्रकार आहे. आपल्या काव्यशास्त्राच्या वाचकास येथे मुख्यार्थ सोडून जवळच्या अर्थाकडे जाणाऱ्या लक्षणेची आठवण व्हावी. आम्लतेची जळजळ छातीच्या हाडामागे वर चढते, वाकल्यावर वाढते, आम्लशामक औषधाने शमते. पित्ताशयाची कळ त्याने शमत नाही. मी जी 'पाठीमागची कळ' गाळली, तिच्यातच हा भेद सामावला होता.

खडा अडकून राहिला की पित्ताशयास दाह होतो. मग वेदना सहा तासांहून अधिक टिकते आणि ताप येतो. शिकागोचे शल्यचिकित्सक जॉन मर्फी यांच्या नावाची खूण येथे मिळते. उजव्या बरगडीखाली हात दाबून रुग्णास खोल श्वास घ्यावयास सांगितले असता दाहयुक्त पित्ताशय खाली येऊन हातास लागते आणि श्वास अर्ध्यावरच थबकतो. खडा मुख्य नलिकेत उतरला तर कावीळ, गडद लघवी आणि पांढुरकी शौच होते. त्यात कळ आणि हुडहुडीचा ताप मिसळला की नलिकेत जंतुसंसर्ग झाल्याचे समजावे. हे त्रिकूट शार्को या फ्रेंच वैद्याने १८७७ मध्ये वर्णिले. तोच खडा स्वादुपिंडाच्या तोंडाशी अडला तर त्या ग्रंथीचा दाह होतो, आणि तो कधी कधी जिवावर बेततो. उलट, काविळीबरोबर पित्ताशय फुगलेले, हाताला लागणारे पण न दुखणारे असेल, तर कारण खडा असण्याचा संभव कमी असतो आणि स्वादुपिंडाच्या वा नलिकेच्या गाठीचा विचार करावा, हे कूर्व्हाजिए यांनी १८९० मध्ये दाखवून दिले.

४

आता रचनेतील भेद पाहू. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तिच्या संपादकांना हस्तलिखिते चाळताना पदोपदी एक प्रश्न पडत असे : समोरचा वेगळा पाठ हा परंपरेतील पाठभेद आहे, की लेखकाच्या हातून झालेला अपपाठ? पित्ताशयाची प्रतिमा वाचणाऱ्याला नेमका हाच प्रश्न पडतो. शरीरातील प्रत्येक वेगळेपण हा रोग नव्हे.

सर्वांत परिचित पाठभेद म्हणजे 'फ्रिजियन टोपी'. पित्ताशयाचा तळ स्वतःवरच दुमडला जातो आणि टोक पुढे झुकलेल्या टोपीसारखा दिसतो. प्राचीन आशिया मायनरातील फ्रिजियन लोकांची ही टोपी फ्रेंच राज्यक्रांतीत स्वातंत्र्याचे प्रतीक झाली. वैद्यकात मात्र ती निरुपद्रवी घडी आहे. अननुभवी डोळ्याला ती घडी पडद्यासारखी किंवा गाठीसारखी भासू शकते, एवढाच तिचा धोका. मानेजवळचा फुगवटा हार्टमनच्या नावाने ओळखला जातो. खडा लपून बसण्याची ती आवडती जागा. काहींच्या पित्ताशयात आडपडदे असतात. क्वचित पित्ताशय यकृताच्या आत रुतलेले किंवा डाव्या बाजूस असते. यकृताशी सैल जोडलेले पित्ताशय स्वतःभोवती पीळ खाऊ शकते, आणि मग पाठभेदाचा आजार होतो. दोन पित्ताशये असण्याचे प्रमाण सुमारे चार हजारांत एक, असे बॉइडन यांनी १९२६ मध्ये नोंदविले. पित्ताशय मुळातच नसणे हेही अपवादात्मक. पण प्रतिमेत ते दिसले नाही म्हणून आकसले असावे असे समजून शस्त्रक्रियेस आरंभ केला, तर शोधूनही न सापडणाऱ्या अवयवाचा शोध सुरू होतो.

नलिका व धमन्या यांचे पाठभेद याहून महत्त्वाचे. पित्ताशयनलिका कोणाच्या बाबतीत फार खाली जाऊन मिळते, कोणाच्या बाबतीत मुख्य नलिकेशी बराच काळ समांतर धावते. उजवी यकृतधमनी कधी सुरवंटासारखा बाक घेऊन पित्ताशयाच्या अगदी निकट येते. पित्ताशयनलिका, यकृताची सामाईक नलिका आणि पित्ताशयाची धमनी यांच्यामधील त्रिकोण फ्रेंच शल्यचिकित्सक कालो यांनी १८९१ च्या आपल्या प्रबंधात वर्णिला. आज त्याची वरची सीमा यकृताच्या कडेपर्यंत मानतात. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये केली. दुर्बिणीतून ती प्रथम जर्मनीत म्यूए यांनी १९८५ मध्ये केली; भारतात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी १९९० मध्ये. या पद्धतीने रुग्णाचे कष्ट फार कमी झाले, पण एक धोका राहिला : पित्ताशयनलिका समजून मुख्य नलिकाच कापली जाणे. म्हणूनच १९९५ मध्ये स्ट्रासबर्ग यांनी आग्रह धरला की त्रिकोण पूर्ण मोकळा करून, पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच रचना स्पष्ट दिसल्याखेरीज काहीही कापू नये. सर्व पुरावा पुढे आल्यावाचून पाठ निश्चित करू नये, हा संपादनाचा नियम येथे रुग्णाच्या संरक्षणाचा नियम होतो.

५

पित्ताशय प्रतिमेत दिसू लागले त्याला शंभर वर्षे होऊन गेली. साध्या क्ष-किरणचित्रात पुरेसे कॅल्शियम असलेले खडेच दिसतात. त्यांचे प्रमाण शेकडा १० ते १५. १९२४ मध्ये ग्रॅहम आणि कोल यांनी पित्तरसातून उत्सर्जित होणारे, क्ष-किरणांना अडविणारे रसायन देऊन पित्ताशयाचे चित्र मिळविले, आणि पुढील अर्धशतक हीच रीत चालली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तिची जागा सोनोग्राफीने घेतली. श्राव्य मर्यादेपलीकडचा ध्वनी शरीरात सोडावयाचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींचे चित्र उमटवायचे, हे तिचे तत्त्व. पित्तरस प्रतिध्वनी देत नाही, म्हणून तो काळा दिसतो. खडा ध्वनी परतवितो, म्हणून तो पांढरा चमकतो आणि त्याच्यामागे ध्वनी न पोचल्यामुळे काळी छाया पडते. रुग्णाने कूस बदलली की खडा घरंगळतो. चमक, छाया आणि हालचाल ही तीन चिन्हे एकत्र मिळाली की निदान जवळजवळ निश्चित होते.

यांतले एखादे चिन्ह गळाले की अर्थ बदलतो. छाया नाही आणि हालचालही नाही, तर भिंतीला चिकटलेला पॉलिप. तो १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असेल तर पित्ताशय काढण्याचा सल्ला देतात. छाया नाही पण संथ हालचाल आहे, तर दाट गाळ. पित्तरसाचा काळेपणा कोठेच नाही, नुसती भिंत, तिच्यामागे चमक आणि त्यामागे छाया असेल, तर आकसलेले पित्ताशय खड्यांनी गच्च भरले आहे. भिंतीतील सूक्ष्म पोकळ्यांत कोलेस्टेरॉलचे स्फटिक असतील, तर त्यांच्यामागे धूमकेतूच्या शेपटासारखी रेघ उमटते. ती भिंतीच्या एका सौम्य विकाराची खूण. भिंत कॅल्शियमने कठीण झाली की तिला 'चिनी मातीचे पित्ताशय' म्हणतात. खड्याच्या भेगांत वायू शिरून तीन आऱ्यांची आकृती दिसली, तर ते 'मर्सिडीज'चे चिन्ह. टोपी, धूमकेतू, चिनी माती, मोटारगाडी : ही नामावली म्हणजे युरोप-अमेरिकेतील शे-दीडशे वर्षांच्या दैनंदिन जीवनाचे एक उपमासंग्रहालयच होय. आपल्याकडे हे शास्त्र मराठीत शिकविले गेले असते, तर दुमडलेल्या तळाला कोणी पगडीचा कोका म्हटले असते!

एकाच चिन्हाचे अनेक अर्थ कसे होतात, हे भिंतीच्या जाडीवरून सर्वांत चांगले कळते. पित्ताशयाची भिंत सामान्यतः ३ मिलिमीटरपर्यंत जाड असते. दाहात ती सुजते, म्हणून जाड भिंत म्हणजे दाह, असे सोपे समीकरण मांडण्याचा मोह होतो. परंतु यकृतदाह, यकृताची जीर्ण कठीणता, हृदयाची क्षीणता आणि रक्तातील प्रथिनांची उणीव यांतही भिंत सुजते. दिल्लीत पावसाळा सरता सरता डेंग्यूची साथ येते. डेंग्यूत सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, आणि पित्ताशयाची भिंत चांगलीच जाड दिसते. ताप उतरल्यावर ती आपोआप पूर्ववत होते. चिन्ह तेच, पण त्यासाठी शस्त्रक्रिया करणे अनर्थकारक ठरेल. याहून साधे कारण म्हणजे सकाळचा दुधाचा चहा. तपासणीपूर्वी सहा-आठ तास उपाशी राहावे असे सांगितलेले असते. थंडीच्या दिवसांत 'चहाने काय होते' म्हणून तो घेतला, की पित्ताशय आकुंचन पावते, भिंत जाड भासते आणि आतले नीट दिसत नाही.

म्हणून प्रतिमा वाचणारा संदर्भ गोळा करतो. खडा मानेत रुतला आहे काय? दांडी नेमकी पित्ताशयावर दाबली असता वेदना सर्वाधिक होते काय? सभोवती द्रव आहे काय? मुख्य नलिका सहा-सात मिलिमीटरहून रुंद आहे काय? पित्ताशयातील खडे ओळखण्यात सोनोग्राफी अत्यंत विश्वसनीय आहे. मुख्य नलिकेच्या खालच्या भागातील खडे मात्र आतड्यातील वायूमुळे तिला पुष्कळदा दिसत नाहीत. तेथे चुंबकीय प्रतिमांकनाने घेतलेले पित्तनलिकांचे चित्र उपयोगी पडते. सीटी स्कॅनमध्ये काही खडे पित्तरसाइतकेच घन भासून अदृश्य राहतात. त्याचे खरे काम दाहाचे उपद्रव आणि गाठीचा विस्तार पाहण्याचे. कोणतेही एक माध्यम सर्व काही सांगत नाही.

६

दिल्लीच्या संदर्भात या वाचनाला वेगळे गांभीर्य आहे. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली. दिल्लीची नोंदणी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९८६ पासून चालू आहे. या नोंदींतून एक भूगोल पुढे आला. गंगेच्या आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण जगातील उच्चतम प्रमाणांपैकी आहे. दिल्लीतील स्त्रियांत तो अग्रक्रमाच्या कर्करोगांपैकी एक आहे, आणि मुंबई किंवा चेन्नईच्या मानाने त्याचे प्रमाण काही पटींनी अधिक आहे. दीर्घकाळचे खडे, विषमज्वराच्या जंतूंचा पित्ताशयातील चिवट मुक्काम, पाण्यातील व मातीतील जड धातू अशा अनेक कारणांचा अभ्यास चालू आहे. खडे असणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा कर्करोग होतो, हे आवर्जून सांगितले पाहिजे. मूक खडा आढळला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेचा निर्णय तज्ज्ञाबरोबर विचार करूनच घ्यावा.

तथापि ज्यांना हा रोग होतो त्यांच्यात तो बहुधा उशिरा कळतो, कारण आरंभीची लक्षणे खड्यांच्या लक्षणांसारखीच असतात, आणि खड्यांची लक्षणे 'गॅस', 'ॲसिडिटी' किंवा 'पित्त' या शब्दांखाली दडलेली असतात. प्रतिमेतही हाच पेच आहे. भिंतीची एका ठिकाणची, विषम जाडी. पित्ताशयाची जागा व्यापणारी आणि खड्यांना वेढून बसलेली गाठ. यकृतात शिरलेली अस्पष्ट कडा : ही कर्करोगाची चिन्हे. पण उत्तर भारतात बऱ्यापैकी आढळणारा एक जुनाट, पिवळ्या गाठींचा दाह हुबेहूब त्यांची नक्कल करतो. दोहोंतला अंतिम निर्णय कधी कधी ऊतीच्या सूक्ष्मदर्शी तपासणीनेच होतो.

रोजगारासाठी, शिक्षणासाठी, मुलाबाळांमागून दिल्ली आणि तिच्या आसपासच्या नगरांत येणारी माणसे आपापली भाषा घेऊन दवाखान्यात जातात. मराठी, मैथिली, भोजपुरी, बंगाली, मल्याळम अशा प्रत्येक भाषेत पोटदुखीचा आपापला शब्दसंसार आहे. डॉक्टरांची हिंदी आणि रुग्णाची मातृभाषा यांच्यामध्ये बहुधा एखादी सून, शेजारीण किंवा प्राध्यापक दुभाषा असतो, आणि त्या दुभाष्याला कोणी काही शिकविलेले नसते. भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी वेदनेच्या बोलींचे लहान कोश तयार केले, एकेका शब्दाखाली त्याचे सर्व संभाव्य अर्थ आणि ते वेगळे करणारे प्रश्न दिले, तर ते काम परिभाषाकोशांइतकेच मोलाचे होईल. 'पित्त' या नोंदीखाली पुढील प्रश्न असावेत : नेमके कोठे दुखते, बोटाने दाखवा. जेवणानंतर किती वेळाने? किती वेळ टिकते? पाठीत किंवा खांद्याकडे जाते काय? लघवी गडद, डोळे पिवळे, अंगात थंडी-ताप? वजन उतरले आहे काय? ही उत्तरे मिळाल्यावर 'पित्त' या शब्दाचे भाषांतर करण्याची गरजही उरत नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीस आजींबरोबर मी पुन्हा गेलो. या वेळी त्या टाके ओढतात, झोप लागत नाही, आणि गावाकडे तुरीला शेंगा धरल्या असतील, असे एका दमात म्हणाल्या. मी तिन्ही गोष्टी जशाच्या तशा हिंदीत सांगितल्या. डॉक्टरांनी टाके पाहिले, झोपेविषयी विचारले, आणि गावी केव्हा जाता येईल तेही सांगितले.